पिवळ्या ज्योतीचा हिवाळा

मित्रांनो, दप्तरे खाली ठेवा आणि थोडे जवळ या. आता माझ्यापासून भीती नाही. मी एक जुना हीटर आहे, गॅसवर चालणारा, खोली ऊबदार ठेवणारा. माझे झाकण काढून ठेवले आहे. गॅसची नळी कापलेली आहे. पोटात काय काय असते ते तुम्हाला दिसावे म्हणून आत एक छोटा दिवा सोडला आहे. ती काळी पुटे दिसतात ना, त्यांना मात्र हात लावू नका. ती पुसायची नाहीत, असा इथला नियम आहे. ती कशी चढली ते सांगायलाच मला अग्निशमन दलाच्या या हॉलमध्ये ठेवले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापणारे वेगळे, वाकवणारे वेगळे, रंग देणारे वेगळे. सगळ्यांत शेवटी एक वयस्कर बाई बसायची. ती प्रत्येक हीटर पेटवून त्याच्या ज्योतीकडे टक लावून बघायची. माझी ज्योत पेटली तेव्हा तिने मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि शेजारणीला म्हणाली, "निळी आहे. जाऊ दे." मग माझ्या पाठीवर खडूची रेघ ओढली. ती रेघ म्हणजे माझा पहिला आणि शेवटचा बक्षीस-समारंभ.

तिथून मी एका तीन मजली घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आलो. तिथे एक निवृत्त पोस्टमन राहायचे. जन्मभर पायपीट केल्यामुळे त्यांना थंडीचा फार राग होता, आणि म्हणून माझ्यावर फार जीव होता. दरवर्षी थंडी पडण्याआधी ते मिस्त्रीला बोलवायचे. मिस्त्री लांब दांड्याच्या ब्रशाने माझे धुराडे साफ करायचा. मग एक आरसा माझ्या तोंडाशी धरायचा. आरशावर वाफ धरली, तर धूर परत खोलीत येतोय असे समजायचे. वाफ कधीच धरली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याला दोनच गोष्टी लागतात. आत यायला हवा, आणि बाहेर जायला वाट. हवेसाठी भिंतीत जमिनीलगत एक लोखंडी जाळी होती. वाटेसाठी छपरातून बाहेर गेलेले धुराडे होते. पोस्टमन त्या जाळीपुढे साधी चप्पलसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. पाहुण्यांना म्हणायचे, "त्याला श्वास घेऊ द्या, म्हणजे तो आपल्याला घेऊ देईल."

पुढे ते थकले. त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. घर नव्या माणसाने विकत घेतले. त्याने प्रत्येक मजल्यावर प्लायवुडच्या भिंती घालून एकाची तीन बिऱ्हाडे केली. माझ्या खोलीत माणसे येत राहिली, जात राहिली. कुणी माझ्यावर बूट वाळवले, कुणी झाकणावर सिगारेट विझवली. एका हिवाळ्यात कुणीतरी गार वारा येतो म्हणून जाळीत पुठ्ठा कोंबला आणि वरून भिंतीला लावायचा फुलाफुलांचा कागद चिकटवला. त्या कागदामागे जाळी आहे हे पुढच्या माणसाला कळलेच नाही. मिस्त्री सात वर्षे आला नव्हता. माझ्या ज्योतीचे टोक तेव्हापासून किंचित पिवळे दिसायला लागले. मला ते कळत होते, पण सांगणार कुणाला?

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी ते चौघे आले.

बाबा, आई, आठ वर्षांची मुलगी आणि बाबांची मोठी बहीण. मुलीला सगळे बारकी म्हणत. ती बाबांच्या बहिणीला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. फार लांबच्या देशातून ते आले होते. बाबा तिकडे शाळेत भूगोल शिकवायचे. इथे त्यांना काचेच्या गोदामात काम मिळाले. तावदाने उभी करायची, मधे पेंढा घालायचा, दोऱ्या बांधायच्या. पहिल्या दिवशी हातांना पट्ट्या बांधून ते घरी आले तेव्हा आत्या म्हणाली, "सगळ्या जगाचे नकाशे पोरांना पाठ करून घेतलेस, आणि स्वतःला राहायला देश निवडलास तो असा काचेचा."

"काचेचा असला तरी आपला करायचाय, अक्का," बाबा म्हणाले.

आई घरीच बसून एका कपड्याच्या दुकानासाठी काजबटण करायची. शर्टांचे गठ्ठे यायचे, ती माझ्याजवळच्या खुर्चीवर बसून बटणे लावायची आणि गठ्ठे परत जायचे. आठवड्यातून दोनदा ती भाषेच्या वर्गाला जायची. आत्या मात्र वर्गाला गेली नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात वीस वर्षे चाळीस चाळीस माणसांचे रांधून आलेली बाई ती. म्हणायची, "माझी जीभ आता वळणार नाही. मला फक्त मीठ कुठं मिळतं तेवढं विचारता आलं की झालं."

घरमालक पहिल्याच दिवशी येऊन गेला. गोड बोलणारा, स्वच्छ नखांचा माणूस. माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "हीटर उत्तम आहे. जुन्या वस्तू मजबूत असतात. याला तुम्ही हात लावायचा नाही. काही झालं तर मला सांगायचं." दारापर्यंत गेला, वळला आणि हसून म्हणाला, "आणि उगाच काही झालं म्हणून सांगायचं नाही."

बाबाही हसले. त्यांना हसावेच लागले. या देशात राहायची त्यांची परवानगी सहा महिन्यांची होती. ती वाढवून घ्यायची तर 'ही माणसे माझ्या घरात राहतात' असा घरमालकाच्या सहीचा कागद लागत होता.

आत्याला हे बाबांनी समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपण इथं आहोत, हे आपल्याला माहीत असून चालत नाही. त्याला माहीत असलं पाहिजे."

झाडांची पाने गळायला लागली तेव्हा छपरावर ठोकाठोक सुरू झाली. घरमालक गच्चीवर आणखी एक खोली चढवत होता. दिवसभर हातोडे, दिवसभर फरशांचे आवाज. एका दुपारी माझ्या धुराड्यात वरून काहीतरी गडगडत आले आणि मधेच अडकले. मागोमाग आणखी काही पडले. वर कुणीतरी हसले. मग काम पुढे चालू झाले.

त्याच आठवड्यात पहिली थंडी पडली. बाबांनी काडी लावली. बारकीने माझ्यापुढे हात पसरले. आईने मोजे माझ्या झाकणावर वाळत घातले. आणि मी जो धूर वर सोडला, तो अर्ध्या वाटेवरून परत आला.

मित्रांनो, तो धूर काळा नव्हता. त्याला रंग नव्हता, वास नव्हता. असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. माझ्या तोंडातून तो खोलीत उतरला आणि त्या चौघांमध्ये जाऊन बसला, घरातलाच एक असल्यासारखा.

काही दिवसांनी बाबांच्या ओळखीचा एक किराणा दुकानदार घरी आला. तो त्यांच्याच देशातून बारा वर्षांपूर्वी आला होता आणि नव्याने येणाऱ्यांना सल्ले देणे हा त्याचा जोडधंदा होता. त्याने खिडकीच्या फटींवर तळहात फिरवला. "इथून सगळी ऊब जाते. गॅस फुकट जाळताय," तो म्हणाला आणि खिशातून चिकटपट्टीची दोन मोठी रिळे काढून दिली. "इथले लोक असंच करतात. सगळ्या फटी बंद करायच्या. शहाण्यासारखं राहायचं."

आईने आणि बारकीने मिळून खिडक्या बंद केल्या. पट्टी सरळ लागावी म्हणून आई जीभ दातांत धरून काम करत होती. शेवटच्या फटीवर पट्टी बसली तेव्हा ती समाधानाने म्हणाली, "आता कसं, इथल्या माणसांसारखं झालं आपलं घर." फक्त स्वयंपाकाच्या कोपऱ्यातली एक काच तडकलेली होती. तिच्यावर पट्टी चिकटेना. आत्या तिथेच जास्त वेळ असायची.

आईचे डोके दुखायला लागले.

आधी संध्याकाळी दुखायचे, मग दुपारपासून, मग उठल्यापासून. मळमळायचे. सुईत दोरा ओवताना दोन सुया दिसायच्या. वर्गाला गेली की तिथे बरे वाटायचे. घरी आली की पुन्हा सुरू. त्या दिवसांत वर्गात शरीराचे धडे चालले होते. ती माझ्याशेजारी बसून घोकायची, "माफ करा. माझं डोकं दुखतं. माझं पोट दुखतं. धन्यवाद." बारकी तिचे उच्चार सुधारायची. आत्या कोपऱ्यातून ऐकायची आणि म्हणायची, "अगं, चांगलं काहीतरी शिक की. शिकशील तसं होतंय तुझं."

बाबांनी तिला डॉक्टरांकडे नेले. परत आल्यावर ते आत्याला म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, नव्यानं आलेल्यांना होतं असं. घरची आठवण येते, मन लागत नाही, ते अंगावर निघतं. घरातच राहा, उबेत बसा, आराम करा म्हणाले."

दुकानदार म्हणाला, "पहिला हिवाळा सगळ्यांनाच जड जातो, वहिनी. होईल सवय."

आईने सगळ्यांचे ऐकले. ती खुर्ची आणखी माझ्याजवळ घेऊन बसली.

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण हीटरला आवाज कुठला? मला येत होते ते एकच, जळणे. आणि जितका जळत होतो तितका मी त्यांचा घात करत होतो. आई माझ्याकडे पाहून कधीकधी म्हणायची, "या घरात तेवढी तुझीच माया आहे बाबा."

मग बारकी शाळेतून आली की पेंगायला लागली. पूर्वी ती खोलीभर धावायची. तिच्या पावलांचा आवाज झाला की खालच्या मजल्यावरची म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. आत्या म्हणायची, "माझी सासू जाऊन दहा वर्षं झाली. मला वाटलं सुटले. तर ही बघा, जमिनीखालून काठी आपटतेय." आता धावणे थांबले. काठीही थांबली. बारकी माझ्याजवळ चटईवर पडून राहायची. तिचे गाल लाल दिसायचे. बाबा कामावरून आले की गाल कुरवाळून म्हणायचे, "बघा, हिला तरी मानवली इथली हवा."

संशय पहिल्यांदा आला तो आत्याला. एका संध्याकाळी कपाळ दाबत ती भावाला म्हणाली, "मला एक सांग भाऊ. हिला माहेरची आठवण येते म्हणून हिचं डोकं दुखतं. बरं, मान्य. मग माझं का दुखतं?"

"तुलाही आठवण येत असेल."

"कुणाची? आईबाप गेले. नवरा गेला. माझं माहेर म्हणजे तू. मी तर माहेरी येऊन बसलेय. माहेरी बसून कुणाला माहेरची आठवण येते का?"

आत्या उठली आणि माझ्यापुढे येऊन उकिडवी बसली. कारखान्यातल्या त्या बाईसारखीच तिने मान तिरकी केली. मला वाटले, आता हिला कळणार.

"ही ज्योत बघ," ती म्हणाली. "वीस वर्षं मी चुलींसमोर काढली. गॅसची ज्योत निळी असते. पिवळी झाली की भांडी काळी होतात. आणि हे वर बघ, भिंतीवर काळं धरलंय. याला धूर बाहेर टाकता येत नाहीये."

"वन्सं, पण धुराचा वास तर येत नाही," आई खुर्चीतून म्हणाली.

"वास येत नाही म्हणून तर मला भ्या वाटतंय. आमच्या वसतिगृहाचा रखवालदार असाच गेला. थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी घेऊन खोली बंद करून बसला. सकाळी दार फोडलं तर झोपल्यासारखा दिसत होता."

दुसऱ्या दिवशी बाबांनी घरमालकाला फोन केला. मी त्यांच्या बाजूचेच बोलणे ऐकले. "हो... नाही, तक्रार नाही... फक्त एकदा मिस्त्री... हो, आधीच्या भाडेकरूंना त्रास झाला नसेल... नाही नाही, घर सोडायचं नाहीये... हो, सही पुढच्या महिन्यात आहे, लक्षात आहे माझ्या." फोन ठेवून ते म्हणाले, "एक महिना काढू. कागद हातात आला की मीच मिस्त्री आणतो."

"महिना काढायला आधी श्वास लागतो," आत्या म्हणाली.

"आणि परवानगी गेली तर कुठं जाऊन घेणार आहेस श्वास?" बाबा एकदम चिडले. ते बहिणीवर कधी चिडत नसत. त्या दिवसापासून आत्या मधूनमधून दार उघडून ठेवायची. पण जिन्यातली थंडी आत आली की बारकी खोकायची. मग आई उठून दार लावायची.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मोठे बर्फ पडले. गोदाम बंद झाले, शाळा बंद झाली. तीन दिवस चौघेही घरात, आणि तीन दिवस मी विझलो नाही. बाबा रोज दिवसभर बाहेर असायचे, म्हणून त्यांना कधी काही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांचेही डोके धरले. ते म्हणाले, "दगदग झाली. आता जरा विश्रांती मिळतेय ना, म्हणून जाणवतंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टांचा गठ्ठा दुकानात द्यायचा होता. आईला उभे राहवेना. बाबा उठू लागले, तर भिंत धरावी लागली. आत्या म्हणाली, "राहू दे. मी जाते. चार गल्ल्या तर आहेत." गठ्ठा पाठीवर घेऊन ती गेली. थंडी आत येऊ नये म्हणून आईने तिच्यामागे दार लावले आणि आतून साखळी घातली.

पुढचे दोन तास मी रोज आठवतो. आधी आईच्या हातातली सुई खाली पडली. तिने ती शोधली नाही. बाबा खाटेवर पडून छताकडे बघत होते. एकदा म्हणाले, "बारके, पाणी दे गं." बारकी चटईवर होती. तिने ओठ हलवले, पण उठली नाही. मग बाबांनीही पुन्हा मागितले नाही. भांड्यात पाणी तसेच राहिले. खिडकीबाहेर बर्फ पडत होते आणि आत इतकी छान ऊब होती, मित्रांनो, की बाहेरून कुणी पाहिले असते तर म्हणाले असते, किती सुखी कुटुंब आहे. माझी ज्योत पिवळीधमक झाली होती. दिसायला ती सुंदर दिसते. ते सगळ्यांत वाईट.

बाहेर काय झाले ते मला नंतर कळले. आत्याने चौकशीच्या वेळी सांगितले तेव्हा मी ऐकले. बर्फातून चालता चालता दुसऱ्या गल्लीत तिचे डोके हलके झाले. तिसऱ्या गल्लीत दुखायचे थांबले. दुकानाच्या पायरीशी उभी राहून ती विचार करू लागली, की ओझे पाठीवर, पाय बर्फात, आणि तरी मला बरे का वाटतेय? त्याच क्षणी तिला कळले. गठ्ठा पायरीवर टाकून ती उलटी फिरली. साठीची बाई, बर्फात दोनदा पडली.

तिने दार ठोठावले. हाका मारल्या. "भाऊ... बारके... अगं, दार उघड." मी आतून ऐकत होतो. कुणीच हलले नाही. मग तिची पावले खाली गेली आणि खालच्या म्हातारीचे दार वाजू लागले. आत्याला इथली भाषा येत नव्हती. आईचे घोकणे ऐकून ऐकून जी वाक्ये कानात बसली होती, तेवढीच तिच्याजवळ होती. ती जिन्यात उभी राहून तीच म्हणत राहिली, "माफ करा. माझं डोकं दुखतं. माफ करा. मुलगी. माझं डोकं दुखतं. धन्यवाद."

म्हातारी बाहेर आली. तिने आत्याचा चेहरा पाहिला आणि पुढे काही विचारले नाही. दोघी वर आल्या. दोघींचे वय मिळून एकशे तीस-चाळीस असेल, पण साखळी तिसऱ्या धक्क्याला तुटली. आत्याने पहिले काम केले ते मला विझवण्याचे. बटण गरम होते, तिची बोटे भाजली. विझताना इतके बरे वाटेल असे मला कधी वाटले नव्हते. दुसरे काम, खिडकी. पट्टी निघेना, तेव्हा म्हातारीने खुर्ची उचलून काचेवर घातली. मग त्यांनी बारकीला जिन्यात ओढले, मग आईला. बाबांना उचलणे त्यांना जमले नाही. अर्धे दारात, अर्धे आत असे ठेवून आत्या त्यांचे तोंड चोळत बसली. म्हातारी फोनवर मोठ्याने पत्ता सांगत होती.

सगळे वाचले. दोन दिवसांनी बारकी बसती झाली. बाबा चार दिवसांनी रुग्णालयातून घरी आले. आईला तीन आठवडे लागले.

अग्निशमन दलाच्या एक अधिकारी बाई तपासाला आल्या. त्यांनी माझे धुराडे सुटे केले. आतून दीड वीट, सिमेंटचे गोळे आणि एक कामगाराचा हातमोजा निघाला. मग त्यांनी भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद फाडला आणि पुठ्ठा ओढून काढला. घरमालक तिथेच उभा होता. शांतपणे म्हणाला, "खिडक्यांना पट्ट्या यांनीच लावल्या. मला न विचारता." ते खरेच होते. खोटे बोलणाऱ्याला थोडेसे खरे फार उपयोगी पडते.

अधिकारी बाईंनी बाबांना विचारले, "त्रास किती दिवस होता? कुणाला कळवलं होतं का?"

बाबा घरमालकाकडे बघत राहिले. सहीला आठ दिवस उरले होते. खोलीत फुटक्या खिडकीतून वारा येत होता. आत्या हळूच म्हणाली, "तुझं खरं असेल ते सांग, भाऊ. नंतरचं नंतर बघू."

"पाच आठवडे," बाबा म्हणाले. "यांना फोनवर सांगितलं होतं. मिस्त्री मागितला होता. यांनी सहीची आठवण करून दिली." मग एक श्वास घेऊन म्हणाले, "आणि मी गप्प बसलो. तेही लिहा."

त्यांनी जबाबाच्या कागदावर सही केली. घरमालकाने परवानगीच्या कागदावर आपली केली नाही. चौघांना ते घर सोडावे लागले आणि मला भिंतीवरून काढून पुरावा म्हणून इथे आणले गेले. त्यांचे पुढे काय झाले, हे मला वर्षभर माहीत नव्हते. परवानगी गेली असेल, परत पाठवले असेल, असेच वाटायचे.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी नव्याने आलेल्या माणसांचा एक गट या हॉलमध्ये माहिती घ्यायला आला. त्यांच्यापुढे आत्या होती. केस जास्त पांढरे झाले होते. ती इथली भाषा बोलत होती, अडखळत, दगडांवरून ओढा ओलांडावा तशी. माझ्याकडे बोट करून तिने लोकांना सांगितले, "हा आमच्या घरात होता."

तिच्याकडून मला कळले. परवानगीच्या कचेरीत त्यांच्याकडे घरमालकाचा कागद नव्हता, तेव्हा बाबांनी अधिकारी बाईंचा अहवाल पुढे केला. त्यात चौघांची नावे होती, वये होती, आणि 'सदर पत्त्यावर राहणारे' असे लिहून खाली सरकारी शिक्का होता. कारकुनाने तो दोनदा वाचला आणि परवानगी वाढवून दिली. आत्या हे सांगताना हसली नाही. म्हणाली, "आम्ही इथं राहतो हे पटवायला आम्हाला मरणाच्या दारात जाऊन यावं लागलं."

आईचे मात्र सगळे परत आले नाही. वर्गात गोळा केलेले इथले शब्द त्या तीन दिवसांत गेले. काजाच्या जागा चुकतात म्हणून शर्टांचे काम सुटले. ती पुन्हा पहिल्या वर्गात, पहिल्या धड्यापासून बसते आहे. 'माझं नाव' पासून. बारकी तिचा अभ्यास घेते. खालची म्हातारी कधीकधी त्यांच्या नव्या घरी येते. म्हणते, "इतके दिवस वर पावलं वाजली नाहीत, आणि मला बेअक्कलला बरं वाटलं."

आत्याचे सांगून झाल्यावर अधिकारी बाईंनी विचारले, "काही शंका?" मागच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. टोपी हातात चुरगाळत, खाली बघत म्हणाला, "ज्योत पिवळी असली तर... मालकाला न सांगता कुणाला सांगता येतं का?"

"मला सांगता येतं," बाई म्हणाल्या. "पत्ता द्या."

त्याने आधी आजूबाजूला पाहिले. मग शेजारच्या बाईने हात वर केला. मग तिच्या पुढच्याने. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोघांनी. हॉलमध्ये त्या दिवशी चौदा माणसे होती. मी अकरा हात मोजले. अधिकारी बाईंनी वही मिटली, कोट घातला आणि त्यांना घेऊन बाहेर पडल्या.

मित्रांनो, त्या अकरा घरांत त्या पोचल्या. पण या शहरात माझ्या कारखान्याचे किती हीटर असतील, आणि त्यांपैकी किती कागदामागे, पट्ट्यांमागे गुदमरत जळत असतील, ते मला सांगता येणार नाही. म्हणून माझी एवढी विनवणी ऐका. घरी गेल्यावर आपल्या हीटरची ज्योत बघा, धुराडे साफ झाले का ते विचारा, भिंतीतली जाळी मोकळी ठेवा. आणि तुमच्या वर्गात कुणी नवीन आले असेल, लांबून आलेले, बाकावर डोके टेकून पेंगणारे, तर 'घरची आठवण येते का' एवढे विचारून थांबू नका. घरात आणखी कुणाचे डोके दुखते, तेही विचारा.